तारेखालचा दोरा

ती. बाबा,

आईला आणि तुम्हाला नमस्कार. मी मजेत आहे, खोकला केव्हाच गेला. आईचे गुडघे कसे आहेत?

इथे कॅम्पवर माझ्या खोलीत पश्चिम आफ्रिकेतला एक वेल्डर राहायला आलाय. त्याच्याकडे कोरा नावाचं वाद्य आहे. भोपळा आपल्या दुकानात बनतात त्या तंबोऱ्यांसारखाच, पण त्यावर लाकडी तबली नाही, चक्क चामडं! तारा एकवीस, त्याही नायलॉनच्या. वाद्याचं तोंड वाजवणाऱ्याकडे असतं म्हणे. मी उलटंच धरलं. डोकंच चालेना.

काल तो आंघोळीला गेला आणि मी जवारी काढायला, म्हणजे तंबोऱ्यासारखा झंकार यावा म्हणून, तारेखाली दोरा सरकवत बसलो. पण झंकार कुठला निघतोय! तारा टेकतात ती त्यांची घोडी आपल्यासारखी रुंद, सपाट नाही, उभी; तारा तिच्या खाचांत बसवलेल्या. वळून बघतो तर हा दारात हसत उभा. म्हणाला, "हे तुला कुणी शिकवलं?"

"कुणीच नाही," मी म्हणालो. खरंच, तुम्ही कधी शिकवलंत? मी दुकानात यायचो तो फक्त तुमचा डबा द्यायला. मग माझ्या बोटांना हे कसं ठाऊक?

दुकान बंद करताय, ते ठीकच आहे. पण माळ्यावरचे भोपळे कुणाला देऊ नका. मी परत येतो असं म्हणत नाही. तरी देऊ नका.

तुमचा,
धाकटा