भिमाबाईंची जागा

३ नोव्हेंबर १९९६
आजपासून नियम. भाजी फक्त आसपास पिकवणाऱ्यांकडूनच घ्यायची. ट्रकमधून कुठून कुठून आलेला फ्लॉवर बंद. प्लास्टिकची पिशवी बंद, कापडी सुरू. स्मिता म्हणाली, ती तीन वर्षं नेरूळ स्टेशनबाहेरच्या भिमाबाईंकडूनच भाजी घेते आणि पिशवीही कापडीच नेते. नेत असेल. पण त्यामागे विचार नव्हता.

५ नोव्हेंबर
भिमाबाईंना भेटलो. उरणकडच्या. स्वतःच्या जमिनीत मुळा, माठ, मेथी काढतात आणि सकाळच्या एसटीने टोपली घेऊन येतात. कापडी पिशवी घरी राहिली. प्लास्टिकची घेतली. ही शेवटची.

१७ नोव्हेंबर
मोठी कल्पना. भिमाबाईंनी स्टेशनच्या धक्काबुक्कीत कशाला बसायचं? आमच्या सोसायटीच्या गेटवर बसवू. चौसष्ट फ्लॅट, कायमचं गिऱ्हाईक. चेअरमन इंद्रजित पाटणकर जिन्यात भेटले. ‘बघू’ म्हणाले. म्हणजे होच.
स्मिताने विचारलं, लेखी घेतलंत का? हिला सगळं लेखी लागतं.

२० नोव्हेंबर
भिमाबाईंशी बोललो. आधी कचरल्या. स्टेशनची जागा सोडली तर दुसरा कोणी बसेल म्हणाल्या. मी नीट समजावलं. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तुमी हाव ना?”
मी आहे म्हटलं.
यंदा दुसऱ्या तुकड्यातही मेथी लावणार आहेत. माझ्या सांगण्यावरून.

२ डिसेंबर
गेटवर पहिला दिवस. टोपली तासात रिकामी. ऊर भरून आला. भिमाबाईंनी मुळ्याची जुडी तशीच हातात ठेवली. घेतली. नाही म्हटलं असतं तर त्यांना वाईट वाटलं असतं.

१४ डिसेंबर
ऑफिसमधला ऋषी स्कूटरवरून वाशीच्या घाऊक मार्केटला चालला होता. मागे बसलो. फ्लॉवर, मटार, गाजर. एकदाच. गेटवर भिमाबाई होत्या म्हणून मागच्या फाटकाने आलो. त्यांचं मन कशाला दुखवा?

२२ डिसेंबर
पुन्हा वाशी. आता तिसऱ्या मजल्यावरचेही ऋषीकडून भाजी मागवतात. मी सहज बोललो होतो. भिमाबाईंची टोपली दुपारपर्यंत भरलेली असते. लोकांमध्ये जागृती कमी आहे. एक पत्रक काढायला हवं.

५ जानेवारी १९९७
मीटिंग. गेटवर माती होते, पाला पडतो, अशा तक्रारी. भाजीवाल्यांना बंदी. कोणाचा विरोध आहे का, असं पाटणकरांनी विचारलं. मी बोलणारच होतो, मुद्दे खिशात होते. तेवढ्यात चहा आला. पुढच्या मीटिंगमध्ये सविस्तर मांडीन.

६ जानेवारी
वॉचमनने भिमाबाईंना उठवलं. मी ऑफिसला गेलेलो, त्यामुळे इलाज नव्हता. स्मिता म्हणते, तेव्हा मी गॅलरीत उभा होतो. असेन. पण निघायच्या गडबडीत होतो.

९ जानेवारी
स्टेशनवर भिमाबाईंच्या जागी कंगवे-आरसेवाला बसलाय. उठायला तयार नाही. त्याच्याशी स्पष्ट बोलायचं. उद्याच.

१२ जानेवारी
भिमाबाई घरी आल्या. बेल वाजल्यावर मी दाराच्या भोकातून पाहिलं आणि बाथरूममध्ये गेलो. स्मिताला खुणेने सांगितलं, घरी नाही म्हण.
आतून सगळं ऐकू येत होतं. दोन्ही तुकड्यांत मेथी उभी आहे, ती कुठे नेऊ, असं त्या विचारत होत्या. साहेबांनी स्टेशनवरच्या त्या माणसाला एकदा सांगितलं तर तो ऐकेल म्हणाल्या. स्मिता म्हणाली, ते बाहेर गेलेत. तिचा आवाज मला तिचा वाटला नाही.
भिमाबाई मेथी ठेवून गेल्या. स्मिताने निवडली, केली, वाढली. ती जेवली नाही. मी जेवलो. अन्न टाकणं बरोबर नाही.

२ फेब्रुवारी
स्टेशनवर गेलो. बोलायला सुरुवात व्हावी म्हणून एक कंगवा घेतला. मग गर्दी वाढली.

९ मार्च
स्मिता एकटीच उरणला जाऊन आली. मला न सांगता. मेथीला फुलं आली, शेवटी गुरांना घातली. भिमाबाई आता कोळंबी सोलायला जातात. एवढं सांगून ती कपडे वाळत घालायला गेली.
परिस्थितीचा दोष आहे. कोणा एकाचा नाही.

१६ मार्च
उरणला गेलो. कमिटी, नियम, बहुमत, काय बोलायचं ते एसटीत मनाशी जुळवून ठेवलं होतं. दुपारच्या सुट्टीत भिमाबाई कोळंबीच्या शेडबाहेर आल्या. बर्फात राहून बोटं पांढरी, सुरकुतलेली. मला बघून पदराला हात पुसले. जेवलो का विचारलं.
जुळवलेलं काही आठवेना. मी म्हटलं, “त्या दिवशी मी घरातच होतो.”
“माहीत हाय,” त्या म्हणाल्या. “तुमच्या चपला दाराशी होत्या.”
रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मग आतून कोणीतरी हाक मारली. जाताना त्या वळल्या.
“मला कललं व्हतं, ते बाईंना सांगू नका. त्यांना तुमच्यासाठी खोटं बोलावं लागलं. त्यांना लय वाईट वाटंल.”
पाच वाजता घरी पोचलो. भिमाबाई भेटल्या का, असं स्मिताने विचारलं.
नाही म्हटलं.