बाबांवरचं कडवं

॥ श्री ॥
अल दुहैल, दोहा
४ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. वन्संना शोभाचा शि. सा. न.

सुट्टीहून परतणाऱ्या शहाजीबरोबर पाठवलेला फराळ पोचला. चकल्या, अनारसे, कुळथाचं पीठ, वाती. चकल्यांचा निम्मा चुरा झाला, तो मिसळीत घातला. विमानात भरलेले जादा वजनाचे चाळीस रियाल शहाजी घेईना, म्हणून जेवू घातलं, स्वस्तात पडलं.

तुमचे बंधू फोन स्पीकरवर लावतात, म्हणून पत्र. आमच्या अंतराच्या इथल्या कॉलेजचं मूळ विद्यापीठ अमेरिकेत. शंभरेक वर्षांपूर्वी तिथली पोरं संध्याकाळी पायऱ्यांवर बसून गाणी म्हणत, ती ही मुलं अठ्ठावीस तारखेला स्टेजवर म्हणणार. मुख्य गाणं अंतराचं. मला वाटलं, प्रार्थना असेल. अर्थ विचारला, तर एका कडव्यात बियर, दुसऱ्यात गणिताच्या प्रोफेसरांचं पोट. बियरच्या जागी इथला कडक दुधाळ करक चहा घातलाय, पोट तसंच आहे.

हे म्हणाले, फी इंजिनियरिंगची भरलीय, टवाळीची नाही, गाणं खलास. तेव्हापासून पोरगी नुसतं 'फाइन' म्हणते. गुणगुणणंही बंद. मी देवापुढे बसून विचार केला : आपण भोंडल्यात फेर धरून सासूसासऱ्यांची अब्रू काढतो, वर खिरापत खातो, आणि ते देवकार्य. मग हिचंच काय बिघडलं? हे फक्त तुमचं ऐकतात. सांगून बघा.

तुमची शोभा

नाशिक
१७ नोव्हेंबर

चि. सौ. शोभास अ. उ. आ.

माझ्या चकल्या मिसळीत गेल्या हे वाचून बरं वाटलं नाही.

विजूला फोन केला. त्यानं संस्कारांवर भाषण दिलं, ते ऐकून घेतलं. मग विचारलं, खिरापतीच्या लोभानं माझा परकर नेसून भोंडल्यात शिरणारा आणि अण्णांच्या घोरण्यावर कडवं रचणारा मुलगा कोण होता. तेव्हा म्हणाला, अंतराला गाऊ दे, मीही येईन, पण पोटाचं कडवं आलं की उठेन. त्याला मधल्या खुर्चीवर बसव, दोन्हीकडे भरभक्कम माणसं बघून.

ममताताई

अल दुहैल
२९ नोव्हेंबर

ती. स्व. वन्संना शि. सा. न.

काल कार्यक्रम झाला. ह्यांच्या एका बाजूला मी, दुसरीकडे शेजारच्या सबीहाभाभी. दोघी पुरेशा आहोत. पोटाच्या कडव्याला तिथले गणिताचे प्रोफेसरच खुद्द उठून पोटावर हात फिरवत वाकले, तेव्हा ह्यांची उठायची सोय राहिली नाही.

अशा गाण्यात दरवर्षी एक नवं कडवं जोडायची रीत आहे म्हणे. ते अंतरानं रचलेलं, आणि चक्क मराठीत. घरी मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देणारी पोरगी, भरल्या हॉलात गात होती, की एसी सव्विसाच्या खाली गेला की बाबा जागे होतात, रिमोट उशीखाली ठेवतात, काही मागितलं की खलास. ह्यांच्या ऑफिसातले दोघे मागे फिदीफिदी हसले. हे पुतळ्यासारखे. अंतरा ह्यांच्याकडेच बघत होती. शेवटचा सूर हलला.

गाडीनं घरी निघालो. अल रय्यानच्या सिग्नलला हे म्हणाले, कडव्यात चूक आहे, सव्वीस नाही, पंचवीस. अंतरा मराठीत म्हणाली, पंचवीस चालीत बसत नाही. ह्यांनी म्हणून बघितलं. मग दोघांनी मिळून, घर येईपर्यंत. नाहीच बसत.

पुढच्या वर्षीच्या कडव्याला बापलेकीनं विषय ठरवलाय, तुम्ही. दोन ओळी तयार आहेत. मी फक्त माहिती पुरवली. लोभ आहे तो कडवं ऐकूनही राहू द्यावा. हरकत असल्यास उलट टपाली कळवा. पत्र पोचेपर्यंत चाल पक्की झालेली असेल.

तुमची शोभा