ढब्बूच्या मागच्या दाढा

चि. धाकटीस, थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद.

तू, तुझी लेक आणि ती तीन आठवड्यांची नवी पाहुणी, तिघी ठणठणीत असाल असं धरून चालते. माझे गुडघे कुरकुरत का होईना, जागच्या जागी आहेत. आता तुझ्या ढब्बूबद्दल. सगळं क्रमाने सांगणार आहे. शेवटचं पान आधी उघडायची तुझी लहानपणची खोड इथे चालायची नाही.

जाताना तू कुत्रा, त्याचा ब्रश आणि चार पानी सूचना माझ्या दारात ठेवून गेलीस. (चार पानं! आईने आपल्या दोघींना मिळून जन्मात एवढ्या सूचना दिल्या नव्हत्या.) मी रोज सकाळी त्याचे दात घासले. ओठ वर करून मुकाट उभा राहायचा, तुझ्यापेक्षा शहाणा आहे. शेजारच्या मास्तरांना बोलावून दाखवले, मोत्यासारखे दात! तरी तोंडाला वास असा, की मास्तर तेव्हापासून फाटकापलीकडूनच बोलतात. मग गुरुवारी त्याने जेवणाकडे पाठ फिरवली. ढब्बूने, जेवणाकडे! तशीच टॅक्सी करून त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

तिथे नुसते दात बघणारी वेगळी डॉक्टरीण बसते. मी निवृत्त झाले त्या वर्षी तिचे दुधाचे दात पडत असतील. म्हणाली, "कोण घासतं याचे दात?" मी ताठ बसून म्हटलं, "मी." तिने त्याचा ओठ पार कानाकडे ओढला. मागच्या दाढांवर कीटणाचा थर असा, की जुन्या किटलीच्या तळाला नसेल. "मावशी, तुम्ही फक्त दिसणारे दात घासलेत."

असा संताप आला! कॉन्व्हेंटमध्ये प्रार्थनेआधी सिस्टर रांगेतून फिरायच्या, आम्ही ओठ वर करायचो, समोरचे आठ पांढरे दिसले की पुढची मुलगी. (तूही आठच घासायचीस, कबूल कर.) दहा वर्षांत एकाही सिस्टरने माझी दाढ पाहिली नाही. हे सगळं मी तिला सुनावलं. ती म्हणाली, "ढब्बू कुठल्या शाळेत होता?" उलट उत्तर! मला आवडली, पण तसं दाखवलं नाही.

पाच दाढा काढाव्या लागणार होत्या, पूर्ण भूल देऊन. बारा वर्षांचा कुत्रा, हृदय थकलेलं. धोका आहे म्हणाली. नाही काढल्या तर पू अंगात भिनेल, तोही धोकाच. संमतीपत्र पुढे केलं. तुला फोन करायला हवा होता. हातात घेतला आणि ठेवून दिला. तू तिकडे बाळंतिणीसमोर रडली असतीस, आणि तुझं ऐकून मी इथे. कागदावर 'जनावराशी नातं' असा रकाना होता. तू स्वतःला त्याची आई म्हणवतेस म्हणून मी तुला बारा वर्षं हसत आले. मी लिहिलं, मावशी. आणि सही केली.

अडीच तास बाकावर होते. ससा मांडीवर घेतलेले एक गृहस्थ धीर देऊ लागले. म्हटलं, मला काही झालेलं नाही. त्यांनी रुमाल पुढे केला.

मग नर्स आली, "मावशी, आत या." ढब्बू पडला होता, जीभ बाहेर, एक डोळा अर्धा उघडा. मला पाहून शेपटी एकदाच हलवली आणि घोरायला लागला. इतकं सुरेल घोरणं मी आयुष्यात ऐकलेलं नाही.

आता मऊ खातो, माझ्यापेक्षा जास्त खातो. तुला न विचारता सही केली, त्याबद्दल काय बोलायचं ते बोल, ऐकून घेईन. (एकदाच.)

तुझी,
ताई

ता. क. तुझ्या सूचनांच्या तिसऱ्या पानावर 'मागच्या दाढा विसरू नकोस' असं दोनदा अधोरेखित केलेलं काल सापडलं. मी पहिल्या पानापुढे वाचलंच नव्हतं.

आणखी एक. डॉक्टरीण म्हणते, या वयात त्याला जिने नकोत. तू राहतेस तिसऱ्या मजल्यावर, मी तळमजल्यावर. तेव्हा कुत्रा परत मिळणार नाही. भांडायचं असेल तर इथे राहून रोज भांड. मागची खोली रिकामी केली आहे. तुझा पलंग किती रुंद आहे ते लगेच कळव, सुतार दारासाठी खोळंबला आहे.