उलटं झाड आणि मिळालेली सूट

चि. ढब्बू यास,

मोठ्या बहिणीचे आशीर्वाद. ते आधीच देऊन ठेवते, कारण पुढे देण्याची इच्छा राहील याची खात्री नाही. (पाकिटावर तुझं पद आणि पदव्या वळणदार अक्षरात लिहिल्या आहेत, म्हणजे तुझा शिपाई ते अदबीने टेबलावर ठेवील. आत मात्र तू ढब्बूच.) तुझा गुडघा कसा आहे? भावजयीचा खोकला थांबला का? माझी तब्येत ठणठणीत आहे. रक्तदाब तेवढा वाढलाय, पण तो माझा नाही, आमच्या चिमणीच्या कॉलेजने दिलेला आहे.

चिमणीला कॉम्प्युटर सायन्सला घातलं तेव्हा घरात किती सुतकी चेहरे झाले होते, आठवतं ना? जन्मापासून दिसत नाही म्हटल्यावर मुलीने गाणंच शिकावं, असा आपल्या सगळ्यांचा ठराव होता. तिचा गळा कसा आहे, हे विचारायची तसदी कोणी घेतली नाही. (गळा माझ्यावर गेलाय. कॉन्व्हेंट शाळेत प्रार्थनेच्या वेळी सिस्टर मला नुसते ओठ हलवायला सांगत.) डोकं मात्र कोणावर गेलंय हे मी सांगत नाही. नातीचं कौतुक करताना आजीने स्वतःची जाहिरात करू नये.

तिच्या कॉम्प्युटरला वाचा आहे. स्क्रीनवर जे असेल ते तो बोलून दाखवतो. पण या बयेने त्याचा वेग इतका वाढवून ठेवलाय की पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, यंत्राला झटका आला. मी धावत जाऊन भिंतीतला प्लग ओढला. तिचा दुपारभराचा प्रोग्राम गेला. "आजी, तो वाचत होता गं!" म्हणे. म्हटलं, असं वाचतात? आमच्या वर्गात कोणी असं वाचलं असतं तर संध्याकाळपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभी राहिली असती. तर म्हणते कशी, "मला सगळं कळतं. तूच इतकी सावकाश बोलतेस की दोन शब्दांच्या मधे माझा एक गृहपाठ होतो." हे मला, जिच्या उच्चारांना शाळेत ढाल मिळाली होती!

असो. फळ्यावरचं तिच्या कानात सांगायला कोणीतरी हवं, म्हणून या वर्षी मी तिच्या शेजारी वर्गात बसते. तिचे सर तरुण आहेत, मनाने चांगले आहेत, पण शिकवणं असं: "हे इथून निघालं, तिकडे गेलं, मग याने त्याला धरलं, की झालं." अरे, कोणी कोणाला धरलं? एवढ्यावर तर चौकीत तक्रारसुद्धा लिहून घेत नाहीत. मी उभी राहून विचारायला लागले. इथून म्हणजे कुठून? याने म्हणजे कोणी? पहिल्या आठवड्यात सर मला बघून खडू खाली ठेवायचे. "मॅडम, फळ्यावर दिसतंय ना," म्हणाले. म्हटलं, मला दिसतंय, म्हणूनच तर काही कळत नाहीये. त्यावर मागच्या बाकावरून एक पोरगी ओरडली, "आजी, विचारा ना अजून! आम्हालाही कुठे कळलंय!" (डोळेवाल्यांची ही कथा.) आता सर प्रत्येक गोष्टीचं नाव घेऊन, पूर्ण वाक्यात शिकवतात. सगळ्या वर्गाचा निकाल सुधारला आणि श्रेय सरांच्या नव्या पद्धतीला मिळालं. मिळू दे. मी उदार आहे.

आता माझ्या चुकीबद्दल. माहिती कशी साठवायची ते दाखवायला हे लोक एक आकृती काढतात, तिला झाड म्हणतात. चिमणीला ती बोटांनी कळावी म्हणून मी पुठ्ठ्यावर बटणं चिकटवली आणि बटणांमधून लोकर नेली. पुस्तकात बघते तर मूळ वर आणि फांद्या खाली! छापणाऱ्याच्या निष्काळजीपणाला काही सीमा? मी झाड सुलटं करून चिकटवलं. मूळ खाली, जिथे देवाने ठेवलंय तिथे. मला कोणी सांगितलं होतं की हे लोक मुद्दामच झाड उलटं काढतात?

दुसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, मुळापासून शोध कसा घ्यायचा? चिमणी म्हणाली, वर चढत जायचं. वर्ग हसला. सर म्हणाले, अगं, खाली उतरत. मी बाकाखाली शिरायच्या बेतात होते. पोरगी मात्र जागची हलली नाही. म्हणाली, "सर, कोण कोणाला जोडलंय ते बदललं का? नाही ना? मग वर-खाली हा तुमच्या फळ्याचा प्रश्न आहे, झाडाचा नाही. मी पुठ्ठा आडवा धरला तरी उत्तर तेच येईल." आणि पुठ्ठा आडवा धरून, बटणांवरून बोट फिरवत तिने उत्तर काढून दाखवलं. मग सरांनी फळ्यावरचं झाड पुसलं, आडवं काढलं आणि म्हणाले, आता सगळ्यांनी पुन्हा सोडवा. ढब्बू, मी सबंध आयुष्यात कार्यालयात, घरात, शाळेत पुष्कळ शहाणी माणसं पाहिली. बाकावर बसून डोळे पुसायची वेळ त्यांनी माझ्यावर आणली नव्हती.

आणि अशा मुलीला परवा प्राचार्यबाईंनी बोलावलं आणि गोड आवाजात सांगितलं की तिला प्रॅक्टिकल परीक्षेतून सूट मिळाली आहे. परीक्षेत माऊसने चौकटी ओढून जागेवर न्याव्या लागतात, ते तिला जमणार नाही, तर तिने घरी आराम करावा, सरासरी गुण आपोआप पडतील. चिमणी एवढंच म्हणाली, "मला ओढायचं नाहीये, मला सोडवायचंय." कीबोर्डवरून तेच प्रश्न सोडवता येतात, ते तिच्या सरांनीही सांगितलं. पण बाई म्हणाल्या, वरूनच फोन आला होता, कोणा नातेवाइकाने फार कळवळून शब्द टाकला. त्या क्षणी मी त्या नातेवाइकाला जे म्हटलं ते सिस्टरांनी शिकवलेलं नव्हतं. दयाळू माणसं! रस्ता ओलांडायचा नसतानाही हात धरून पलीकडे नेऊन सोडतात, आणि वर आपल्याकडे हसून बघतात. चिमणी घरी आल्यापासून जेवलेली नाही. पोरीने उलटं झाड पेललं, पण ही सरासरी तिला पेलवत नाहीये.

गुडघ्याला शेक घेत जा.

तुझी,
ताई

ता. क. प्राचार्यबाईंना नाव सांगायची गरज पडली नाही. आपल्या सगळ्या गोतावळ्यात परीक्षा मंडळावर एकच माणूस आहे. तुझं मन लोण्याचं आहे हे मला ठाऊक आहे, म्हणून एवढं सौम्य लिहिलं. आता तोच फोन पुन्हा उचल आणि सूट मागे घे. परीक्षा सोमवारी आहे. प्रश्न इतरांचेच, वेळ इतरांचाच, फक्त माऊसऐवजी कीबोर्ड आणि तो बडबड्या आवाज. सोपं काही मागू नकोस, नाहीतर मी तिथे येईन.

ता. क. २. नापास झाली तर सांत्वनाला येऊ नकोस. इतरांच्या पोरांसारखी, स्वतःच्या चुकांनी नापास होईल. मी सबंध इमारतीला अभिमानाने सांगेन.

ता. क. ३. पत्र चिमणीला वाचून दाखवलं. म्हणते, "आजी, ते 'नापास झाली तर' काढून टाक." शाईने लिहिलंय, खाडाखोड करायची मला सवय नाही. तिच्या सांगण्यावरून एवढंच जोडते की तसं होणार नाही. आत्ताच उठून जेवायला बसली आहे.