जेवणानंतरचं लेक्चर

रविवार, संध्याकाळ. मुलुंड.

तो खुळखुळा काही डोक्यातून जात नाही.

आज अंधेरीला मुलांच्या हॉस्पिटलात आम्हा बालरोगतज्ज्ञांची सीएमई होती. दिवसभर लेक्चर्स. नवीन काही शिकावं म्हणून ठेवतात, पण आमची पद्धत ठरलेली. सकाळी हजेरी लावायची, रजिस्ट्रेशन टिकवायला लागणारे पॉइंट्स पदरात पाडायचे आणि दुपारी गुलाबजाम खाऊन सटकायचं. जेवणानंतरचा वक्ता रिकाम्या खुर्च्यांशी बोलतो. आज तो वक्ता म्हणजे आमचे सर. त्यांच्याच हाताखाली मी शिकले.

शेजारी बसलेली माझी डॉक्टर मैत्रीण शिल्पा म्हणाली, "चल गं, हजेरी लागली ना? घरी जाता जाता सोडते तुला." आणि मी उठले. का उठले? कंटाळा आला होता, बाकी काही नाही.

लिफ्टचं दार उघडलं तर समोर सर. हातात तोच जुना लाल खुळखुळा, बाळाला ऐकू येतं का ते तपासायचा. माझ्या खांद्यावरची पर्स त्यांनी बघितली.

"निघालीस?"

मी पर्स सावरली. मग तेच म्हणाले, "जा जा, दवाखान्यात पेशंट ताटकळले असतील."

"हो ना, सर."

ते हॉलकडे वळले. दार बंद होईपर्यंत खुळखुळा ऐकू येत होता.

रविवारी माझा दवाखाना बंद असतो. सरांना हे पक्कं माहीत आहे. "एक दिवस घरच्यांना देत जा," असं दटावून त्यांनीच तर तो बंद ठेवायला लावला होता.