भिवापूरच्या शाळेतला माठ

नागपूर, शनिवार, जुलै १९७२

ह्यांची भिवापूरला बदली झाली, म्हणून आज एकटीच तिथली शाळा बघून आले. हेडमास्तर निकाल सांगत होते, माझं लक्ष मात्र व्हरांड्यातल्या माठाकडे. लहानपणी गावच्या शाळेत आम्हाला माठ शिवायची बंदी होती. इथे? मधल्या सुट्टीपर्यंत थांबले. पोरं माठावर तुटून पडली, सगळी एकाच पेल्यानं प्यायली. तरी विचारलंच, "गुरुजी, आम्ही बौद्ध आहोत. माझी मुलगी स्वतःच्या हातानं पाणी घेईल."

"मंग, बाई? तिले तहान लागन तं घेईनच ना!"

मी उगाच कंबर कसून गेले होते का? नाही, विचारलं ते बरंच केलं.

घरी आल्याबरोबर सुषमानं विचारलं, "शाळा कशी आहे वं, आई?"

म्हटलं, "चांगली आहे. पहिल्या बाकावर बसजो."