माझं निःपक्षपाती मत

२ सप्टेंबर, रविवार

हंगाम सुरू. कॉलेज फुटबॉलची (आपला अमेरिकन, चेंडू हातात घेऊन पळायचा) क्रमवारी देशभरातले निवडक पत्रकार दर रविवारी मतं पाठवून ठरवतात. जॉर्जिया राज्याच्या या कोपऱ्यातून मी एकटा, व्हर्लन स्टट्स. बाकीच्यांची मतं वाचली. शिसारी आली. जो तो आपलंच कॉलेज वर ढकलतो.

यंदाचा संकल्प : सामना पाहिल्याशिवाय मत नाही.

टॅलोवी पहिल्या नंबरवर. (माझं कॉलेज. निव्वळ योगायोग.)

२३ सप्टेंबर, रविवार

टॅलोवी हरलं. पण काय दिमाखात हरलं! असं हरायलाही दर्जा लागतो. चौथा नंबर दिला. इमोजीन म्हणाली, हरून एवढं मिळत असेल तर मीही उद्यापासून भाजी करपवते. बायकोला खेळातलं कळत नाही.

तिकडे आयडाहोचं कॅस्केड व्हॅली म्हणे सगळे सामने जिंकतंय. पश्चिमेकडचे सामने आमच्याकडे रात्री भलत्याच वेळी लागतात. तरी उकडलेल्या शेंगा घेऊन बसलो. संघ मैदानात उतरलेले आठवतात. जाग आली तेव्हा गादीची जाहिरात चालू होती. पाहिलं तेवढ्यावरून संघ सुस्त वाटला. यादीबाहेर.

१४ ऑक्टोबर, रविवार

कॅस्केड अजून अजिंक्य. इतरांनी त्यांना चक्क बारावा नंबर दिलाय. किळस! मेलेल्यांना मारायचं, याला पराक्रम म्हणायचा? सदरात खरमरीत लिहिलं : काल कॅस्केडची पोरं अगदीच ढिसाळ खेळली.

१६ ऑक्टोबर, मंगळवार

आयडाहोहून फोन. कॅस्केडचा प्रशिक्षक, ऑस्ट्रँडर. आवाज मऊ.

"स्टट्स साहेब, शनिवारी आमची पोरं ढिसाळ खेळली, असं लिहिलंत."

म्हटलं, स्पष्टपणा हा माझा धर्म आहे.

"शनिवारी आमचा सामनाच नव्हता हो. पोरं घरी गेली होती, आईच्या हातचं जेवायला."

मी म्हणालो, माझा रोख एकंदर वृत्तीवर होता.

"असेल. पण तुमची मतं छापून येतात ना, पोरं दर आठवड्याला वाचतात. शेवटचं वर्ष आहे त्यांचं, नंतर निम्मी बटाट्याच्या शेतावर जातील. मोठा सामना क्रमवारीवरच ठरतो, एकदाच मिळाला तर मिळाला. मत देऊ नका, पण एकदा बघा तरी."

फोन ठेवला. इमोजीनने विचारलं, चेहरा का पडलाय? म्हटलं, शेंगा बाधल्या.

२५ नोव्हेंबर, रविवार

मतदान मंडळाचा फोन. पुढच्या वर्षी नव्या माणसांना संधी देणार आहेत. म्हणजे माझा निर्भीडपणा झोंबला. सगळी बरबटलेली माणसं!

शेवटचं मत दिलं. टॅलोवी तिसरं. कॅस्केड पंचविसावं, म्हणजे यादीत शेवटचं, तेही केवळ माझ्या मनाच्या मोठेपणामुळे. वर्षअखेरच्या सामन्यात नेमकी या दोघांचीच गाठ आहे. आता जगाला कळेल. सामना भर दुपारी आहे, एक क्षणही चुकवणार नाही.

२९ डिसेंबर, शनिवार

पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. झोप आली असती तर बरं झालं असतं.

कॅस्केड ४८, टॅलोवी ६.

त्यांचा एक बुटका पोरगा चेंडू घेऊन आमच्या तिघा धिप्पाडांमधून असा सटकला, की ते एकमेकांवरच आदळले. मग मागे फिरून त्यानेच एकाला हात देऊन उठवलं. इमोजीनने टाळ्या वाजवल्या. माझ्या घरात.

सामना संपल्यावर म्हणाली, "आता बोल."

"जिंकले, मान्य," मी म्हणालो. "पण समोर होतं कोण? टॅलोवी! त्यांना काय, कोणीही लोळवेल!"

इमोजीनने ही वही माझ्यापुढे सरकवली. मी काय बोलून बसलो ते मलाही जरा उशिराच कळलं.

मग म्हणाली, "हे लिहून ठेव, व्हर्लन. वर्षभरात पहिल्यांदाच तू सामना पाहून मत दिलंस."

लिहिलं.